पायरीऐवजी पैलवान

सार्वजनिक वाहन हे सर्वांसाठी असते. ज्यांना त्यात चढता येत नाही ते, व्याख्येनुसारच, सर्वांत मोडत नाहीत. करवीर नागरी परिवहन मंडळाने हे तत्त्व स्थापनेपासून निष्ठेने पाळले होते, आणि म्हणूनच गाडीत चढता येत नसल्याची एकही तक्रार मंडळाकडे कधी आली नव्हती (तक्रारपेटी गाडीच्या आत, चालकाच्या डोक्यावर लावलेली होती). अशा सुखाच्या काळात, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये, गडमुडशिंगीच्या दीक्षा भाऊसो कांबळे हिचा अर्ज टपालानं येऊन पडला आणि आपल्या गाड्यांना पायरी असते हे मंडळाच्या प्रथमच लक्षात आलं.

दीक्षा तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी पोलिओनं डावा पाय नेला, तेव्हापासून कॅलिपर आणि दोन कुबड्या. चौथीपर्यंत भाऊसोनं लेकीला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. पाचवीच्या पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आण्णा, आजपास्नं मी चालत जाणार. तुमी पायजे तर मागनं या." भाऊसो आठवडाभर मागनं गेला आणि मग जायचा थांबला. त्यानंतर दीक्षाला कुणी उचललेलं नव्हतं.

मिनिटाला पंचेचाळीस शब्द मराठी टंकलेखन ती करायची. अपंगांसाठीच्या पंचाण्णवच्या कायद्यातल्या राखीव तीन टक्क्यांतून शहरातल्या एका सरकारी कचेरीत तिला जागा मिळाली. कचेरी तळमजल्यावर होती (हे चुकून झालं असावं). नेमणूक एक वर्षाच्या परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, होती, आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की वर्षात तीनदा तासावर उशीर झाला तर नेमणूक संपली म्हणून समजायचं. भाऊसो लाकडाच्या वखारीत हमाली करायचा, आई मीनाबाई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. दरमहा पगाराचं पाकीट आणणारं त्या घरातलं ते पहिलंच माणूस, त्यामुळं ही नोकरी टिकणं म्हणजे काय, ते घरात कुणी कुणाला समजावून सांगत नव्हतं.

गाडीत चढायची तिची पद्धत अशी: कुबड्या आत टाकायच्या, गाडीकडं पाठ करून पायरीवर बूड टेकायचं आणि दांड्याला धरून अंग वर ओढायचं. याला पन्नास सेकंद लागायचे. मंडळाची गाडी थांब्यावर सरासरी अकरा सेकंद थांबायची. उरलेल्या एकोणचाळीस सेकंदांची तजवीज कंडक्टरच्या स्वभावावर सोपवलेली होती. एक कंडक्टर थांबायचा, दोघं घंटी मारून मोकळे व्हायचे. म्हणून दहाच्या कचेरीसाठी दीक्षा सातला थांब्यावर येऊन उभी राहायची. उतरताना मात्र काही अडचण नसे. गुरुत्वाकर्षण मंडळाच्या अखत्यारीत येत नसल्यामुळं ते वेळेवर काम करायचं.

तिचा अर्ज पाच ओळींचा होता. गाडीची पायरी जमिनीपासून दीड फूट आहे. तिच्याखाली नऊ इंचांवर आणखी एक पायरी बसवावी, म्हणजे मला कुणाच्या मदतीशिवाय चढता येईल, एवढंच तिनं लिहिलं होतं. 'कुणाच्या मदतीशिवाय' या शब्दांखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. संपूर्ण अर्जात टंकलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळं तो कुणीतरी वकिलाकडून करून घेतला असावा असा मंडळाला पहिल्यापासून संशय आला.

अर्जावर सात सदस्यांची समिती नेमण्यात आली. सातपैकी एका सदस्याला कंबरेचा पट्टा होता, त्यांना अपंगांचे प्रतिनिधी धरण्यात आलं. समितीनं पाच महिने अभ्यास केला. पहिला निष्कर्ष, पायरी नऊ इंचांवर आणली तर ती गतिरोधकाला घासेल, आणि गतिरोधकाचं खातं वेगळं आहे. दुसरा, दीड फुटाची पायरी स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, सर्व जातिधर्म यांना सारखीच दीड फूट आहे, सबब ती घटनेतल्या समतेच्या तत्त्वाला धरून आहे. हा निष्कर्ष दीक्षाला लेखी कळवण्यात आला. घटना काय म्हणते हे त्या घराला मंडळानं कळवावं, याची भाऊसोला मोठी गंमत वाटली. त्यानं ते पत्र पंचशील नगरातल्या चारचौघांना वाचून दाखवलं.

प्रश्न तिथंच मिटायचा, पण मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव हे हळव्या मनाचे गृहस्थ होते. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीतली मैदानं मारलेली, आणि आता एका नामांकित तालमीचे ते आश्रयदाते होते. समितीच्या शेवटच्या बैठकीत त्यांनी टेबलावर हात ठेवला.

"पायरी तिकडं मुंबई-पुण्याला लागती," ते म्हणाले. "तितं माणूस माणसाला हात देत न्हाय. ह्ये कोल्हापूर हाय. हितं शंभर-शंभर किलोची पोरं तालमीत दूध पिऊन बसल्यात. पायरी कशाला पायजे? उचला की तिला."

असा विचार दुसऱ्या कुठल्या शहराला सुचला असता असं वाटत नाही. समितीतल्या कंबरपट्टावाल्या सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि 'स्नेह-उचल योजना' जन्माला आली. प्रमुख थांब्यांवर सकाळी सात ते दहा एकेक पैलवान उभा राहील, अपंग प्रवाशास उचलून गाडीत ठेवील आणि नोंदवहीत सही करील. (सायंकाळी पैलवानांची मेहनतीची वेळ असल्यामुळं त्या वेळचे अपंग योजनेच्या कक्षेत येत नाहीत.) लाभार्थीनं स्वतःहून चढल्यास योजनेची आकडेवारी बिघडते, म्हणून अशा स्वयंचढाईस मनाई करण्यात आली. तसं होऊ देणाऱ्या कंडक्टरला मेमो ठरला.

मग स्त्रियांचा प्रश्न निघाला. परक्या पुरुषानं स्त्रीला उचलणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. भावानं उचलणं मात्र बसतं. यावर मंडळाचे अधीक्षक गुरुसिद्ध यांनी तोड काढली. स्त्री लाभार्थीनं आपल्या थांब्यावरच्या पैलवानास मंडळाच्या मुख्य कचेरीत, अधीक्षकांसमक्ष राखी बांधावी; तसा दाखला मिळेल; दाखला अहस्तांतरणीय राहील. मीनाबाई म्हणाली, राखी काय आपल्या घरातला सण न्हाय. त्यावर मंडळानं खुलासा पाठवला की सदर राखी धार्मिक नसून प्रशासकीय आहे.

उद्घाटन डिसेंबरात मुडशिंगीच्या थांब्यावर झालं. मांडव थांब्यावरच घातला होता, त्यामुळं त्या दिवशी गाड्या तिथं थांबू शकल्या नाहीत. दीक्षाला पहिली लाभार्थी म्हणून फेटा बांधला, शाल घातली आणि नारळ दिला. दोन्ही हात कुबड्यांवर असलेल्या माणसानं नारळ कुठं धरायचा याचा विचार कुणी केलेला नव्हता. शेवटी तो शालीत गुंडाळून तिच्या गळ्यात अडकवला. हंबीरराव चाळीस मिनिटं बोलले. मग गुंडू पैलवान पुढं आला, दीक्षाचा नवा भाऊ. वजन एकशे आठ किलो, वय तेवीस, मान खाली. त्यानं तिला उचलून खास मागवलेल्या गाडीत ठेवलं आणि दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दीक्षाच्या अंगाची लाही झाली. पाचवीपासून एक-एक पाऊल टाकून जे मिळवलं होतं, ते या लोकांनी हलगी लावून काढून घेतलं, असं तिला वाटलं. खिडकीबाहेर भाऊसो उभा होता. तो एकटाच टाळ्या वाजवत नव्हता.

ती कचेरीत पोचली तेव्हा बारा वाजले होते. साहेब म्हणाले, "सत्काराला गेलता व्हय? मग रजा टाकायची की." मस्टरवर पहिला लाल शेरा पडला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिचा फोटो होता. खाली छापलं होतं, 'अपंग युवती स्वावलंबी'.

योजना झपाट्यानं यशस्वी झाली. पहिल्या तिमाहीचा अहवाल बोलका आहे. एकूण उचली ३१८. पैकी सरावासाठी उचललेली वाळूची पोती १४०, 'बघू तर कसं वाटतंय' म्हणून उचलून घेतलेले धडधाकट नागरिक १०८, छायाचित्रासाठी उचललेले मान्यवर ९, दीक्षा ६१. एकूण वजन दोनशे सहा क्विंटल. पडझड तीन, तिन्ही मान्यवर. शहरातले बाकीचे अपंग एकदाही थांब्यावर आले नाहीत, यावरून शहरात बाकीचे अपंग नाहीत हे मंडळानं ताडलं.

मार्चमध्ये गुंडूला मुरगूडच्या मैदानाचं बोलावणं आलं. त्याच्या जागी बदली पैलवान उभा राहिला. हा नियमाला धरून वागणारा गडी होता.

"दाखला हाय?" त्यानं विचारलं.

"गुंडूचा हाय."

"मग मी भाऊ न्हाय तुमचा. राखी बांधून दाखला आणा."

"कुठनं?"

"मुख्य कचेरीतनं. शहरात."

"आणि शहरात जायचं कशानं?"

"गाडीनं," पैलवान म्हणाला. त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं.

दीक्षानं कुबड्या आत टाकून स्वतःच चढायला घेतलं, तर कंडक्टरनं हात जोडले. "आक्का, माझं काय म्हणणं न्हाय. पर परिपत्रक हाय. मला मेमो मिळंल." अशा तीन गाड्या गेल्या. दहाला योजनेची वेळ संपली तेव्हा कुठं तिला चढता आलं. त्या दिवशी पावणेबाराला कचेरी आणि दुसरा लाल शेरा. परिविक्षा संपायला अजून अडीच महिने होते आणि हातात आता एकही चूक शिल्लक नव्हती.

दुसऱ्याच दिवशी गुंडू परत आला, मैदान मारून. झालं ते त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, एक इचारू? मी उचलतो ते तुमाला आवडत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मलाबी न्हाय आवडत. लोकं बघत्यात. तुमी आपल्या आपण चढा की. मी तिकडं तोंड करून हुबा ऱ्हातो. वहीत उचललं म्हणून लिवतो."

आणि तो खरंच गाडीच्या दाराकडं पाठ करून उभा राहिला. एकशे आठ किलोचा गडी आडवा असल्यामुळं कंडक्टरला काही दिसायचं नाही. त्या काळात शहरात अपंगांसाठी जेवढ्या म्हणून सोयी होत्या, त्यांतली ही सर्वांत उपयोगी होती.

राहता राहिला वेळ. त्याची तोड भाऊसोनं काढली. वखारीतल्या बाभळीच्या तुकड्यांची त्यानं नऊ इंच उंचीची एक भक्कम पायरी ठोकली, वर सायकलच्या टायरची पट्टी मारली म्हणजे कुबडी घसरू नये, आणि कडेला दोरी बांधली. गाडी आली की पायरी दाराखाली ठेवायची, चढायचं, आणि दोरीनं आत ओढून घ्यायची. पहिल्या दिवशी गुंडूनं तालमीतलं घड्याळ आणून मोजलं. चौदा सेकंद.

दीक्षा आता सातऐवजी साडेआठला घरातून निघायला लागली. पावणेनऊची गाडी धरायची आणि साडेनऊला दसरा चौकात उतरायची. साहेबांच्या आधी ती टेबलावर असायची. दोन महिन्यांत एकदाही उशीर झाला नाही. त्या दोन महिन्यांत ती सुखी होती. मीनाबाईनं लोकांना नोकरी कायम झाल्यावर पेढे द्यायचे कबूल करून टाकले.

आता एक चूक झाली, आणि ती दीक्षाचीच म्हणायला हवी. पायरी लगेच आत ओढून घ्यायला पाहिजे होती. तिच्या मागं गंगव्वा उभी असायची. ही सीमाभागातून लग्न होऊन आलेली, साठीची, रोज भाजीची बुट्टी घेऊन मंडईला जाणारी. एक दिवस ती म्हणाली, "यव्वा, थांब जरा. मीबी चढते त्याच्यावरनं." चढली, आणि वर गेल्यावर म्हणाली, "बेस झालं बग. पंचवीस वर्सं ह्या पायरीनं माजं गुडघं खाल्लं." दुसऱ्या दिवशी गरोदर बाई चढली. मग दुधाच्या किटल्यावाले, मग धोतरवाले, मग कॉलेजची पोरं. आठवड्याभरात दीड फूट उंच पायरी थेट चढणारा माणूस त्या थांब्यावर उरला नाही. जी गोष्ट एकट्या दीक्षासाठी मागितली होती ती चाळीस जणांना लागत होती, हे त्या चाळीस जणांनाही आधी ठाऊक नव्हतं.

चाळीस जण सावकाश, रांगेत, एकेक पाय जपून टाकत चढायला लागले. दीक्षाचे चौदा सेकंद आणि उरलेल्यांची चार मिनिटं. पावणेनऊची गाडी आठ एकूणपन्नासला सुटायला लागली. पुढच्या थांब्यांवरचे लोक घड्याळ बघायला लागले, मग मुडशिंगीचेही बघायला लागले. रोजच्या उशिराचं कारण काय, यावर गाडीत चर्चा होऊ लागली आणि कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. त्याला दोरी बांधलेली होती.

मे महिन्यात एका सोमवारी मागच्या बाकावरून एक कागद निघाला. अक्षर मोत्यासारखं होतं. 'पावणेनऊची गाडी दररोज उशिरा सुटते, त्यामुळे प्रवाशांची गैरसोय होते. सबब उशिरास कारण असलेली दाराजवळील लाकडी वस्तू तात्काळ हटवून गाडी वेळेवर सोडावी.' बहुतेकांनी पहिलं वाक्य वाचलं आणि त्यात गैर काही नव्हतं. कागद हातोहात पुढं सरकला. अपंगांसाठी राखीव असलेल्या बाकाला वळसा घालून तो आदरानं पलीकडं गेला. दीक्षाला वाटलं, गाड्या वाढवून मागत असतील. गंगव्वाचा अंगठा मंगळवारी घेतला. त्या वेळी ती पायरीवरच उभी होती. एकूण त्रेसष्ट सह्या झाल्या.

नऊ इंचांच्या पायरीचा विचार करायला मंडळाला पाच महिने लागले होते. ती काढायला दोन दिवस लागले, यावरून लोकांच्या मागणीपुढं मंडळ किती झुकतं ते दिसून येईल. गुरुवारी दोन तपासनीस आले आणि पायरी जप्त करून घेऊन गेले. नोंदवही तपासली, तेव्हा गुंडूनं दोन महिने दीक्षाला न उचलताच उचललं म्हणून लिहिल्याचं उघडकीस आलं. 'उचलण्यात कसूर' या कारणास्तव त्याला काढून टाकण्यात आलं. हंबीररावांना फार वाईट वाटलं. "पोरगं चांगलं हुतं, पर लबाडी आमच्या तालमीत चालत न्हाय," ते म्हणाले.

शुक्रवारी परिविक्षेचे नऊ दिवस उरले होते. थांब्यावर नवा पैलवान होता, दाखला नव्हता. दीक्षानं मागचीच पद्धत धरली. कुबड्या आत टाकल्या, पाठ केली, बूड टेकलं. कंडक्टर बघून न बघितल्यासारखं करून तिकिटं फाडायला लागला. भला माणूस होता. आतून आवाज यायला लागले. "चला की राव." "आजबी उशीर काय?" "पायरी काढली तरी तेच." तिनं दांडा नीट धरायला म्हणून पुन्हा खाली पाय टेकला, आणि तेवढ्यात घंटी वाजली. घंटीची दोरी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असते. ती कुणी ओढली हे नंतर चौकशीत कळलं नाही, कारण सगळे खिडकीबाहेर बघत होते.

गाडी गेली. कुबड्या गाडीत होत्या आणि त्या साडेनऊला, अगदी वेळेवर, दसरा चौकात पोचल्या. दीक्षा थांब्याच्या कट्ट्याला धरून एका पायावर उभी होती. वखारीतून भाऊसो धावत आला तेव्हा सव्वादहा झाले होते. तो तिच्यापुढं पाठ करून वाकला. चौदा वर्षांनी ती त्याच्या पाठीवर बसली.

कचेरीत पोचायला साडेअकरा वाजले. साहेबांनी दीक्षाला समोर खुर्ची दिली, पाणी मागवलं. "काम तुमचं चोख हाय," ते म्हणाले. "मला वाईट वाटतंय. पर मस्टर काय माझ्या हातात हाय व्हय?" (मस्टर त्यांच्या हातात होतं.)

"साहेब, मी उशिरा आले, का गाडीनं मला नेलं न्हाय?"

साहेबांनी मस्टरची पानं उलटून पाहिली. "तसला रकाना न्हाय हो ह्यात," ते म्हणाले आणि तिसरा शेरा मारला.

नेमणूक संपल्याचं पत्र तिनंच टंकलिखित केलं, कारण कचेरीत दुसरा टंकलेखक नव्हता. त्यात एकही चूक नव्हती. पुढच्या वर्षीच्या अहवालात तीन टक्क्यांतल्या त्या जागेपुढं 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही' अशी नोंद आहे. दीक्षा आता गावात, घरच्या ओट्यावर, लोकांचे अर्ज टाइप करून देते. मंडळानं पुढं योजनेचा दशकपूर्ती सोहळा केला. पावणेनऊची गाडी पावणेनऊला सुटते.

तो सह्यांचा कागद मंडळाच्या दप्तरात सुरक्षित आहे. बासष्ट जणांची ओळख पटली आहे. त्रेसष्टावी सही घाईघाईत, पुढच्या बाकाच्या पाठीवर कागद ठेवून केल्यासारखी वाटते आणि तेवढी कुणाची ते लागत नाही. तेव्हा एकदा आठवून बघा. मे महिना, खिडकीशेजारची जागा, मागून एक कागद आला, पाठोपाठ पेन आलं, आणि पुढच्या माणसानं हात पुढं केलेला होता. काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं नाही, यात तुमचा काहीच दोष नाही. तुम्हाला उशीर होत होता.